इशारा वेळेवर हवा

अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात गोळीबार झाला. सर्वांना पहिला ई-मेल गेला तो ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यात सावध राहायला सांगितले होते, पण वर्ग रद्द केले नव्हते. थोड्याच वेळात विद्यापीठाच्याच नॉरिस हॉल या इमारतीत गोळीबारात ३० जणांचा बळी गेला. घाईने इशारा दिला तर अपुऱ्या माहितीने घबराट पसरते, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावर उपाय मौन नव्हे. कुठे धोका आहे आणि आता काय करायचे, एवढे दोन ओळींत सांगता येते. २००८ मध्ये अमेरिकेने कायद्यात दुरुस्ती करून विद्यापीठांना धोक्याची खात्री होताच तत्काळ इशारा देणे आणि यंत्रणेची दरवर्षी चाचणी घेणे बंधनकारक केले. मजकूर तयार आणि पाठवणारा ठरलेला असेल, तरच मोलाची मिनिटे वाचतात.