खबर देणारा साक्षीदार नसतो

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात रुळांवर उतरलेली गर्दी सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले होते. पालक पोलीस ठाण्यात गेले, तर तक्रार नोंदवून घ्यायलाच तासन्‌तास लागले. त्या दिरंगाईच्या संतापाने कर्जत मार्गावरच्या लोकल दिवसभर अडकून पडल्या. पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

ज्या शहराने एवढा आवाज उठवला, तेच शहर एमडी या अमली पदार्थाच्या पुडीबद्दल मात्र दबक्या आवाजात बोलते. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी 'मागच्या गल्लीत काय चालते ते सगळ्यांना ठाऊक आहे' एवढेच लिहितो, खाली हात जोडल्याची चित्रे येतात आणि विषय संपतो. ही बेपर्वाई आहे असे मला वाटत नाही. ही भीती आहे. फोन केला की पोलीस दारात येणार, जबाब लिहून घेणार, मग कोर्टाच्या तारखा, आणि विकणारा तर दोन इमारती सोडून राहणारा. या भीतीचा बराचसा भाग एका गैरसमजातून येतो. खबर देणारा आणि साक्षीदार यांना आपण एकच समजतो. कायदा तसे समजत नाही.

अमली पदार्थांचा आपला मुख्य कायदा १९८५ चा. पोलीस आणि वकील त्याला 'एनडीपीएस' म्हणतात. त्याचे कलम ६८ फार थोड्या नागरिकांना माहीत असते. या कायद्याखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्याला, गुन्ह्याची माहिती कोणाकडून मिळाली, हे सांगण्याची सक्ती करता येत नाही. हेच तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२५ म्हणून होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम १३१ म्हणून कायम आहे. माहिती अधिकारातही हीच काळजी घेतली आहे. ज्या माहितीमुळे कोणाच्या जिवाला धोका होईल किंवा विश्वासाने दिलेल्या खबरेचा स्रोत उघड होईल, ती नाकारण्याची मुभा २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. म्हणजे आरोपीने माहिती अधिकाराचा अर्ज टाकून तुमचे नाव काढायचे ठरवले, तरी तिथेही दार बंद करण्याची सोय आहे.

साक्षीदार वेगळा. छाप्याच्या वेळी हजर राहून पंचनाम्यावर सही करणारा पंच हा साक्षीदार असतो आणि त्याला कोर्टात उभे राहावे लागते. लेखी आदेश देऊन पंच म्हणून बोलावले आणि सबळ कारणाशिवाय नकार दिला, तर तो गुन्हा ठरू शकतो. म्हणून खबर देणाऱ्याने छाप्याच्या वेळी तिथे रेंगाळू नये. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करावे लागते. त्या चित्रफितीत आपला चेहरा असण्याचे काही कारण नाही.

खबर कशी द्यावी, हे कळण्यासाठी पोलिसांच्या बाजूला काय घडते तेही पाहायला हवे. एनडीपीएसच्या कलम ४२ प्रमाणे बंद जागेत छापा घालायचा, तर अधिकाऱ्याने मिळालेली खबर आधी लिहून काढावी लागते आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठाला पाठवावी लागते. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय घरात शिरायचे, तर त्याची कारणेही नोंदवावी लागतात. २००९ मध्ये कर्नैल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, उशीर झाला आणि त्याचे समाधानकारक कारण दिले तर तो खपवून घेता येईल, पण हे कलम पूर्णपणे धाब्यावर बसवलेले चालणार नाही. कागद चुकला की आरोपी सुटतो. तेव्हा तुम्ही फोनवर जे बोलता, त्यावर पुढे खटल्याचा पहिला कागद उभा राहू शकतो. 'आमच्या भागात ड्रग्ज फार वाढलेत, काहीतरी करा' या वाक्याचे असे टिपण होत नाही. कुठली इमारत, कितवा मजला, कोणत्या वेळेला माणसे येतात, दुचाकीचा नंबर काय, माल बॅगेतून येतो की पार्सलमधून, याचे होते. जे डोळ्यांनी पाहिले ते आणि जे कोणाकडून ऐकले ते वेगवेगळे सांगावे. 'हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे' असे म्हटल्याने खबरेची किंमत कमी होत नाही.

इतकेच पाहायचे, जितके आपल्या खिडकीतून, जिन्यातून, रोजच्या वाटेवरून आपोआप दिसते. पाठलाग करायचा नाही. लपून चित्रीकरण करून ते इन्स्टाग्रामवर टाकायचे नाही. त्याने विकणारा सावध होतो आणि निरपराध माणसाची बदनामी झाली, तर खटला तुमच्यावरच उभा राहतो. पुरावा म्हणून एखादी पुडी विकत घेण्याचा मोह तर अजिबात नको. मेफेड्रोन, म्हणजे एमडी, २०१५ च्या फेब्रुवारीत एनडीपीएसच्या यादीत आले. दोन ग्रॅमपर्यंतचा साठा 'अल्प' धरला जातो, पण अल्प साठा बाळगणे हाही गुन्हाच आहे. ५० ग्रॅमच्या वर गेले की व्यापारी प्रमाण, किमान दहा वर्षांची शिक्षा आणि जामीन अतिशय कठीण. पुडी खिशात घालून ठाण्यात जाणारा सज्जन माणूस कायद्याच्या नजरेत ती बाळगणाराच असतो.

आपल्या पट्ट्याचा खास प्रश्न पुडीच्या आधीचा आहे. अंबरनाथच्या आनंदनगर आणि मोरिवलीत, बदलापूरच्या माणकिवलीत रासायनिक कारखाने आहेत. वासाची आपल्याला इतकी सवय झाली आहे की वास आला म्हणून कोणी खिडकीसुद्धा लावत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर वालधुनी नदीत बेकायदा रसायन सोडले गेले आणि उल्हासनगरमधल्या शेकडो लोकांना रुग्णालय गाठावे लागले, तेव्हा कुठे त्या वासाची बातमी झाली. एमडी असल्याच परिसरात बनते. ते अफूसारखे शेतात पिकत नाही. त्याला लागतात रसायने, पिंपे, शेड आणि थोडेफार रसायनशास्त्र शिकलेला माणूस. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांच्या तपासाचा माग सोलापूरच्या एका कारखान्यापर्यंत गेला आणि तिथे इफेड्रिन या नियंत्रित रसायनाचा कित्येक टनांचा साठा सापडला. २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी अवघे दहा ग्रॅम एमडी सापडलेल्या माणसापासून धागा पकडला आणि तो ऑक्टोबरमध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातल्या कारखान्यात निघाला. एकूण जप्ती दीडशे किलोच्या आसपास, किंमत सुमारे ३०० कोटी. २०२४ च्या फेब्रुवारीत अशाच तपासात पुणे पोलीस कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पोचले.

या सगळ्या ठिकाणी कामगार होते, रखवालदार होते, टेम्पोवाले होते, शेड भाड्याने देणारे होते. बंद म्हणून नोंद असलेल्या शेडमध्ये रात्री वीज जळते, नाव खोडलेली पिंपे येतात, कामगारांना मोबाइल बाहेर ठेवायला लावतात, हे सगळ्यात आधी त्यांनाच दिसते. जागामालकांसाठी तर एनडीपीएस कायद्यात स्वतंत्र कलम आहे. आपल्या घराचा, खोलीचा किंवा आवाराचा अशा कामासाठी वापर होऊ देणे, आणि तो जाणूनबुजून होऊ देणे, हा कलम २५ खाली गुन्हा आहे. नव्या टॉवरांमधले निम्मे फ्लॅट दलालामार्फत भाड्याने द्यायचे आणि भाडेकरूचे तोंडही पाहायचे नाही, ही बदलापुरी रीत इथे महागात पडू शकते. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे हा मालकाने स्वतःचा केलेला बचाव आहे.

औषधांच्या दुकानाची गोष्ट निराळी. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकल्या जात असतील, तर पहिली तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. 'एच-१' वर्गातल्या औषधांची प्रत्येक विक्री रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या नावासह नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपणे दुकानदारावर बंधनकारक आहे. औषध निरीक्षकाने वही आणि खरेदीची बिले शेजारी ठेवली की पुष्कळ काही उलगडते.

आता फोन कुठे करायचा? डोळ्यांसमोर काही घडते आहे, हाणामारी आहे, कोणी बेशुद्ध पडले आहे, तर ११२. मात्र तिथे तुमचा नंबर आणि ठिकाण यंत्रणेला दिसते आणि गस्तीचे पोलीस पत्ता विचारायला उलट फोन करू शकतात. तेव्हा 'माझ्या घरी येऊ नका, थेट ठिकाणावर जा' असे सुरुवातीलाच सांगावे. निव्वळ खबर द्यायची असेल तर १९३३. अमली पदार्थ नियंत्रण विभागाची 'मानस' ही राष्ट्रीय हेल्पलाइन १८ जुलै २०२४ रोजी सुरू झाली. ती चोवीस तास चालते, नाव न सांगता बोलता येते, संकेतस्थळावरूनही माहिती देता येते. स्थानिक पोलिसांकडे जायचे, तर बदलापूर शहराचा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या उल्हासनगर परिमंडळात येतो आणि बदलापूर पूर्व व पश्चिम अशी दोन ठाणी त्यात आहेत. गावांकडचा भाग ठाणे ग्रामीण पोलिसांकडे. हद्दीची चिंता नागरिकाने करू नये. दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला, तरी त्याची माहिती ठाण्याला देता येते, हे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच लिहिले आहे.

स्थानिक ठाण्यावर विश्वास नसेल, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. शिंदे गावच्या प्रकरणातला मुख्य आरोपी त्याआधी कैदेत असताना पुण्याच्या ससून रुग्णालयात उपचारांच्या नावाखाली होता. २ ऑक्टोबर २०२३ रोजी तो तिथून पळाला आणि पहाऱ्यावरचे पोलीस निलंबित झाले. असे घडलेल्या राज्यात नागरिकाला शंका घेण्याचा पूर्ण हक्क आहे. म्हणूनच केंद्राची हेल्पलाइन, आयुक्तालय, अमली पदार्थविरोधी पथक असे वेगवेगळे रस्ते माहीत असावेत. ठाण्याने दाद दिली नाही, तर कलम १७३ च्याच चौथ्या पोटकलमाने वरिष्ठ अधिकाऱ्याकडे आणि पुढे दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. पण त्या वाटेवर तुम्ही नावानिशी तक्रारदार होता. ते पाऊल वकिलाशी बोलून, विचार करून टाकावे. स्वतःच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज करून 'माझ्या खबरेचे काय झाले' असे विचारू नये. इतके दिवस लपवलेले नाव आपणच कागदावर आणतो.

भाडेकरूशी वाद आहे, सोसायटीच्या निवडणुकीत हरलो, शेजाऱ्याच्या मुलाचे केस आणि कपडे आवडत नाहीत, म्हणून १९३३ फिरवणाऱ्यांसाठीही कायद्यात तरतूद आहे. जाणूनबुजून, द्वेषाने खोटी माहिती देऊन कोणाला अटक करवली किंवा कोणाची झडती घडवली, तर एनडीपीएसच्या कलम ५८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिक चुकीला हे कलम लागत नाही. मला ही तरतूद खबर देणाऱ्याच्याही हिताची वाटते, कारण खोट्या फोनांच्या ढिगाऱ्यात खरी खबर हरवते.

सगळ्यात जास्त माहिती मात्र घरातच असते. मुलाला माल कोण देतो, कुठल्या पुलाखाली, किती रुपयांना, हे आईला बऱ्याचदा पोलिसांच्या आधी कळते. ती बोलत नाही, कारण विकणाऱ्याबरोबर आपला मुलगाही आत जाईल अशी तिला धास्ती असते. तिच्यासाठी एनडीपीएसचे कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प साठ्याचा आरोप असलेल्या व्यसनीने सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचार घेतले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. अट एकच, उपचार अर्धवट सोडायचे नाहीत. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले, तेव्हापासून महाराष्ट्राला व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहण्याची थोडीफार सवय लागली आहे. मुलगा अठराच्या आतला असेल, तर बाल न्याय कायद्याने त्याला अमली पदार्थ देणाऱ्याला आणि त्याच्या हातून माल फिरवणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्या आईने दोन स्वतंत्र फोन करावेत. मुलाच्या उपचारांसाठी १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर. विकणाऱ्याची जागा आणि वेळ सांगण्यासाठी १९३३ वर. या दुसऱ्या फोनवर मुलाचे नाव घेण्याची काहीच गरज नाही.