सोळाशेचा आकडा

मागच्या दिवाळीनंतर रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "काठावर आहात." वडिलांचा पाय मधुमेहानं गेलेला मी पाहिला आहे; मला तेवढं पुरलं. वजन ८२ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, वय ५८. जन्मभर गणित शिकवलेलं, म्हणून वही घातली.

१९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र घेतलं. वजनाची दहापट, उंचीची सव्वासहापट, त्यातून वयाची पाचपट वजा, पुरुष असल्यास वर पाच. आलं १,५८५. एवढ्या कॅलरी नुसतं पडून राहायलाही लागतात. माझ्या बेताच्या हालचालीसाठी १.३५ने गुणलं, २,१४० झाले. किलोमागे ७,७०० कॅलरी हा रूढ हिशेब. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे रोज साडेपाचशेची तूट. लक्ष्य ठरलं सोळाशे.

होळीपर्यंत ७५ झालो. पुढच्या चार आठवड्यांत मात्र जेमतेम ८०० ग्रॅम उतरले. मी चिडून आकडा बाराशेवर आणला. पंधरा दिवसांत जिन्यावर अंधारी आली. हिनं वही उचलून कपाटात ठेवली. रागावली नाही, हे जास्त लागलं.

त्या सक्तीच्या सुट्टीत मिनेसोटाचा प्रयोग वाचला. १९४४-४५मध्ये अॅन्सल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे सरासरी सुमारे १,५७० कॅलरींवर ठेवलं होतं. वजन ठरलेल्या रेषेत उतरावं म्हणून दर आठवड्याला त्यांचं पाव-बटाट्याचं माप कमीजास्त केलं जाई. पाव वजन गेलं. पण विश्रांतीतला खर्च त्याहून जास्त, सुमारे चाळीस टक्क्यांनी, घटला. शरीर लहान होतं, शिवाय हात आखडतं. म्हणजे ७,७००चा हिशेब महिन्याभरापुरता ठीक. वर्षभर सरळ रेषेत ओढला की फसवतो. माझं सोळाशे ८२ किलोच्या माणसाचं होतं, आणि तो माणूस आता घरात नव्हता.

मग सूत्र सोडून वहीलाच विचारलं. चार आठवडे रोजची नोंद सरासरी १,६००. उतरलेले ०.८ किलो गुणिले ७,७००, भागिले २८ दिवस, म्हणजे रोज २२० तूट. तर माझा खर्च १,८२०. सूत्र ७५ किलोला २,०४५ सांगत होतं. मधले सव्वादोनशे कुठे गेले? काही आखडत्या हातात, काही सूत्राच्या ढोबळपणात, आणि बरेचसे, मला वाटतं, फोडणीत. चहाच्या चमच्याभर तेलाच्या चाळीसएक कॅलरी होतात, आणि आमची पळी काही चहाचा चमचा नव्हे. गंमत म्हणजे ही चूक रोज सारखीच होत असेल तर बिघडत नाही. नोंद जेवढी कमी, तेवढाच काढलेला खर्चही कमी येतो. वजाबाकीत दोन्ही कटतात.

वेग निम्मा केला, आठवड्याला पाव किलो. त्याला पावणेतीनशेची तूट. नवं लक्ष्य १,५४५. चारशे तोडायला निघालो होतो, गरज होती पंचावन्नची!

आता रोज सकाळी वजन करतो, पण पाहतो आठवड्याची सरासरी. लोणचं-पापडाच्या दुसऱ्या दिवशी किलोभर पाणी सहज चढतं. चार आठवड्यांआधी आकड्याला हात लावत नाही. (इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नये; साखर एकदम खाली जाते.)

सध्या ७१. काल चकलीची भाजणी मळली. मोहनाचं तेल हिनं मोजून घातलं आणि वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं.