फणसाखालचा फुलोरा

कुणाच्याही घरी गेलं की पुढच्या अंगणाचं कौतुक आधी होतं, जास्वंद बघा, तगर बघा, आणि ते सगळं सांगून झालं की घरधनी हळूच मागच्या परसाकडे मान वळवून म्हणतो, "तिकडे फणस आहे हो, तिथे काही म्हणता काही होत नाही." आता त्या फणसाखाली त्यांनी काय लावून पाहिलेलं असतं? मोगरा, नाहीतर गुलाब, नाहीतर शेवंती. ती बिचारी रोपं तिथे किडकिडीत वाढलेली, पान इथे एक तर हातभर वर दुसरं, कळीचा पत्ता नाही. मग शेणखत वाढवायचं, त्याने ती आणखीच लांबणार. आमच्या शेजारच्या काकूंनी तर एका शनिवारी त्या मोगऱ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मिरच्यांचा ठसका सगळ्या वाडीला लागला, मोगरा जिथल्या तिथे. पण दृष्टीचा काही संबंध नव्हता असंही नाही. मोगऱ्याला कुणाची दृष्ट लागली नव्हती, मोगऱ्यालाच सगळं दिसत होतं, आणि घोटाळा तिथेच होता.

झाडाला दिसतं म्हणजे काय, ते सांगतो. ऊन पांढरं वाटलं तरी त्यात सगळे रंग असतात. हिरवं पान त्यातला लाल आणि निळा उजेड खातं, पण लालच्याही पलीकडे, आपल्या डोळ्यांच्या अगदी सीमेवर जो गडद तांबडा उजेड असतो तो त्याला पचत नाही, तो ते खाली सोडून देतं. म्हणजे फणसाखाली जे येतं ते नुसतं कमी ऊन नव्हे, ते फणसाचं उष्टं ऊन, चांगलंचुंगलं खाऊन उरलेलं. आणि झाडांना हा फरक कळतो. अमेरिकेत मेरीलँड राज्यात बेल्ट्सव्हिल नावाच्या ठिकाणी सरकारी शेती संशोधन केंद्र आहे, तिथे बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी 1952 मध्ये लेट्यूसच्या, म्हणजे त्या सॅलडच्या पाल्याच्या, बियांवर एक गंमत करून पाहिली. भिजवलेल्या बियांवर काही क्षण लाल उजेड टाकला की त्या रुजायच्या. लगेच पाठोपाठ गडद तांबडा टाकला की रुजायचं रद्द. पुन्हा लाल टाकला की पुन्हा रुजायला तयार. असं लाल-तांबडं, लाल-तांबडं कितीही वेळा केलं तरी बी फक्त शेवटी जो उजेड पडला त्याचंच ऐकायचं. बियांच्या आत ही कळ दाबणारं द्रव्य 1959 मध्ये सापडलं, त्याला फायटोक्रोम म्हणतात, आणि ते बियांतच काय, पानांत आणि खोडांतही असतं.

तर आपल्या मोगऱ्याने काय केलं? गडद तांबडा उजेड जास्त पाहिला आणि ओळखलं की डोक्यावर कुणीतरी पान पसरून बसलंय. उन्हात जन्मलेल्या झाडाला अशा वेळी एकच अक्कल सुचते, ती म्हणजे पळ काढायचा, आणि पाय नसल्यामुळे वरच्या वर पळायचं. होतं नव्हतं ते सगळं त्याने उंचीत घातलं. गवतातल्या रोपाला ही युक्ती फळते, चार बोटं वर गेलं की डोकं उन्हात. पण फणस चाळीस फूट उंच. मोगरा धावतोय, धावतोय, आणि फणस आपला वर पानं सळसळवत उभा आहे.

सावलीत जन्मलेली झाडं असली धावपळ करत नाहीत. ती बसतात. पान रुंद करतात, पातळ करतात, हिरवं गर्द करतात, आणि वाट बघतात कवडशाची. दाट रानात जमिनीपर्यंत पोचतं ते वरच्या उजेडातलं शंभरातलं एखाद-दोन भाग, त्यामुळे दिवसभरातून पाच-दहा कवडसे अंगावरून सरकून गेले तर तीच मोठी कमाई. कवडसे गोल का असतात, हे कुणी तुम्हाला लहानपणी सांगितलंय का? पानांमधलं भोक तिरपं असो की वेडंवाकडं, खाली पडतं ते सूर्याचं चित्र, म्हणून गोल. 16 फेब्रुवारी 1980 चं ग्रहण आठवत असेल कुणाला, कारवारच्या खाली अंकोल्याकडे ते खग्रास दिसलं आणि आपल्याकडे खंडग्रास. माणसं दारं-खिडक्या लावून घरात, आणि इकडे झाडांखाली सगळ्या जमिनीवर चंद्रकोरीच चंद्रकोरी पडलेल्या. तर हा कवडसा अंगावर आला की सावलीतलं पान लगेच पूर्ण जोरात कामाला लागत नाही, त्याला काही मिनिटं लागतात. पण एकदा लागलं की कवडसा सरकून गेला तरी काही वेळ ते तयारीतच राहतं, भाकरी उतरवल्यावर तवा जसा लगेच निवत नाही तसं, आणि दुसरा कवडसा आला की वेळ न घालवता पुन्हा सुरू. उन्हातल्या झाडाला एवढा धीर नसतो.

म्हणून फुलझाड निवडायच्या आधी सावली कुठल्या जातीची आहे ते बघावं. भर दुपारी तिथे जमिनीपासून हातभर उंच हात धरावा. बोटं मोजता येतील अशी सावली पडली तर तिथे अबोली, कोरांटी खुशाल लावा. नुसता धूसर डाग पडला तर बेगोनिया, पीस लिली. काहीच पडलं नाही तर नेचे लावा आणि गप्प बसा. माडाखालची सावली सगळ्यांत गुणी, उंचावर झावळ्या हलतात, कवडसे दिवसभर फिरते राहतात. आंबा-फणसाखालची सावली जाड, शिवाय वरच्या थरातली मुळं सगळं पाणी पिऊन टाकतात, म्हणून तिथे ओल जास्त मागणारं झाड लावणं म्हणजे दोघांचं भांडण लावणं.

आणि घराच्या उत्तरेची सावली, ती तर मोठी लबाड. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की उत्तरेकडची भिंत म्हणजे कायमची सावली. त्यांच्या देशात खरं आहे ते, तिथे सूर्य माध्यान्हीला नेहमी दक्षिणेलाच असतो. आपल्या कोकणात मे महिन्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी माणसाची सावली पायांखाली नाहीशी होते, आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. जूनपासून ढग सांभाळून घेतात, पण मेच्या उत्तरार्धात वर्षभर सावलीत लाडावलेलं बेगोनिया त्या भिंतीशी दोन दिवसांत करपतं. तेवढे पंधरा-वीस दिवस वरून एक-दोन झावळ्या आडव्या टाकायच्या, बस.

न्हाणीघराचं पाणी जिथे जातं तिथे, अळवाच्या शेजारी, सोनटक्का लावावा हे आपल्या आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण अगदी बरोबर आहे. त्याला ओल हवी आणि अर्धी सावली हवी. फूल संध्याकाळी उमलतं, पांढरं, म्हणजे अंधारात दिसेल असं, आणि वास असा की पतंग लांबून येतात. मध इतक्या लांब नळीच्या तळाशी की लांब सोंडेवाल्यालाच मिळावा. हाच सोनटक्का तिकडे क्युबात जाऊन त्या देशाचं राष्ट्रीय फूल झालाय. स्पेनविरुद्धच्या लढाईत तिथल्या बायका केसांत माळलेल्या या फुलांत लपवून चिठ्ठ्या नेत, असं सांगतात. त्याच्याच बाजूला पेव लावलात तर पावसाळ्यात त्याच्या कांडाकडे जरा बघत बसा. कांडच गोल वळत वर चढतं आणि पानं त्यावरून जिन्याच्या पायऱ्या चढतात, जेणेकरून वरच्याने खालच्याचा उजेड अडवू नये. सावलीत राहायचं तर घरातल्या घरात तरी एकमेकांना सावली करू नये, एवढी समज त्याला आहे.

अबोलीचं वेगळंच. वास नाही, आवाज नाही, वेणीत चार दिवस टिकते म्हणून बायकांची लाडकी, आणि कडक उन्हात तिची पानं पांढुरकी पडतात म्हणून सावलीची. पण स्वभावाने ती मुळीच गरीब नाही. फुलं झडली की त्या हिरव्या कणसात बियांच्या बोंडी वाळून राहतात, त्यातली एक सुटी करून पाण्याच्या वाटीत टाका आणि तोंड बाजूला घ्या. थोडा वेळ काही होत नाही, पोरं कंटाळतात, आणि मग टच्चकन फुटून बी जाऊन भिंतीला लागतं. पावसाचं पाणी लागल्याखेरीज बी सोडायचंच नाही, हा तिचा बेत, म्हणजे जमिनीला ओल आहे याची खात्री झाली. तेरड्याची बोंडी उलट नुसत्या बोटाने फुटते. तोच तेरडा, जो कोकणात मुळासकट उपटून गौर म्हणून घरात येतो. त्याची एक आफ्रिकेची बहीण सगळ्या रोपवाटिकांत मिळते, तीही सावलीत वर्षभर फुलते, फक्त पाणी चुकलं की लगेच मान टाकते.

आता बेगोनिया. पावसाळ्यात गडांच्या तटबंदीवर, विहिरीच्या आतल्या चिऱ्यांवर गुलाबी-पांढरी इवली फुलं दिसतात ना, ते आपलं रानबेगोनिया, पान चघळलं तर आंबट. या कुळात नर-फुलं वेगळी, मादी-फुलं वेगळी, एकाच रोपावर. मध कुणाकडेच नाही. नर-फुलात निदान पराग असतो, माशी तो खायला येते. मादी-फुलाकडे द्यायला काहीही नाही, म्हणून तिने आपलं स्त्रीकेसर पिवळं, पिळवटलेलं, अगदी नराच्या केसरांचं सोंग घेतलेलं बनवलंय. माशी फसते, उतरते, काही मिळालं नाही म्हणून उडून जाते, पण तेवढ्यात काम झालेलं असतं. आणि मलेशियाच्या जंगलात एक बेगोनिया आहे, त्याची पानं सावलीत मोरपंखी निळी चमकतात. 2016 मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या शास्त्रज्ञांनी पाहिलं की त्याच्या पानातल्या हरितद्रव्याच्या थप्प्या अशा काटेकोर अंतरावर रचलेल्या आहेत की निळा उजेड परत फिरतो आणि हिरवा-लाल जास्त पकडला जातो, आणि त्यामुळे त्या अंधारात त्याची कमाई शंभराला पाच ते दहाने वाढते.

पण सावलीतला खरा इरसाल गडी म्हणजे सापकांदा. पहिले दोन-चार पाऊस झाले की रानाच्या कडेला, गडग्याच्या सावलीत जमिनीतून एक हिरवी नळी वर येते आणि तिच्यावर हिरवट-पांढरा फणा झुकतो. पोरं घाबरतात, कधीकधी मोठेही. तो फणा म्हणजे फूल नव्हे, ती झाकण असलेली नळी, खरी फुलं आत तळाशी, एका दांड्याभोवती चिकटलेली. या कुळातल्या बऱ्याच जाती अळंबीवर जगणाऱ्या चिलटांना फसवतात. चिलट आत उतरतं, भिंती गुळगुळीत, वर चढता येत नाही, फडफडत ते फुलांवर घरंगळतं आणि अंगभर पराग माखून घेतं. नराच्या नळीच्या तळाशी, जिथे कडा एकमेकींवर येतात, तिथे एक बारीक फट असते. त्यातून ते सुटतं, आणि अक्कल न शिकता दुसऱ्या नळीत शिरतं. ती मादीची असली तर तिथे फट नाही. तिथे ते घरंगळतं, पराग देतं, आणि तिथेच संपतं.

आणि याहून नवल पुढे आहे. नर कोण, मादी कोण, हे कांदा ठरवतो, तेही दरवर्षी नव्याने. कांदा लहान, शिल्लक कमी, तर यंदा नर, कारण पराग बनवायला खर्च थोडा. दोन-तीन वर्षांत कांदा मोठा झाला, गाठीला पुरेसं जमलं, की पुढच्या वर्षी तोच मादी होऊन लालभडक फळांचं कणीस धरतो. फळांनी पार रिता झाला, किंवा गुराने पान खाऊन टाकलं, की पुन्हा नर. माणसांत असं असतं तर मानपानाचं कसं काय ठरवलं असतं देव जाणे. हा रानातून खणून मात्र आणू नका. आपल्या सह्याद्रीतलीच जात आहे, बांधावर आपोआप आला तर तिथेच असू द्या, आणि पोरांना हात लावू देऊ नका, अळवाहून जास्त खाजवतो.

त्याच्याच दूरच्या नात्यातली पीस लिली मात्र शहरातून गावात आलेली पाहुणी, घराच्या कोपऱ्यातसुद्धा पांढरं पान काढते. ती हवा शुद्ध करते म्हणून दुकानदार किंमत वाढवतात. नासाने 1989 मध्ये बंद पेटीत तपासलं होतं ते, बंद पेटीत. 2019 मध्ये त्या सगळ्या प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला तेव्हा निघालं की घरात फरक पडायला दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील. म्हणजे माणसाने बाहेर झोपायचं. फुलासाठी घ्या, खिडकी उघडी ठेवा.

मला विचाराल तर फणसाखाली पहिला नंबर मे फ्लॉवरचा. हा मूळचा आफ्रिकेचा कांदा, पण कोकणात इतका मुरलाय की त्याला परका म्हणवत नाही. त्याला पातेरा चालतो, फणसाची मुळं चालतात, कुणी लक्ष दिलं नाही तरी चालतं. मेच्या सुरुवातीला, एकही पान नसताना, कोरड्या जमिनीतून ठिपक्याठिपक्यांचा देठ निघतो आणि आठवडाभरात त्यावर शेंदरी-लाल गोळा फुलतो, एकेका गोळ्यात शंभर-दोनशे फुलं. पानं येतात ती मागाहून, पावसात पुढच्या वर्षाची बेगमी करतात, आणि थंडीत पिवळी पडून पार नाहीशी होतात. गुरं तिथे सोडू नका, कांदा विषारी असतो. आणि कांदे पुरलेत तिथे एक ओळखीचा चिरा ठेवा, नाहीतर माघात तुमच्याच घरातलं कुणीतरी मोकळी जागा दिसली म्हणून तिथे कुदळ घालून मिरचीची रोपं लावेल, आणि ती फणसाखाली आणखी दोन हात उंच होतील.