घरात कुत्रे नाही, मांजर नाही. मग पिसवा कोठून?

मे महिन्याच्या सुट्टीत महिनाभर बंद राहिलेले घर उघडावे, केर काढायला घ्यावे आणि दहा मिनिटांत पायाच्या घोट्यांभोवती लाल गांधी उठाव्यात, असा अनुभव पुष्कळांना येतो. नीट पाहिले तर एखादा तपकिरी ठिपका टुणकन उडी मारून नाहीसा होतो. ती पिसू असते. घरातल्यांना आश्चर्य वाटते, कारण त्यांनी कुत्रे पाळलेले नाही की मांजर. मग कोणी शेजाऱ्यांच्या कुत्र्याला दोष देतो, कोणी दुकानातून मिळेल ते कीटकनाशक आणून घरभर फवारतो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा चावे सुरू होतात. असे का होते, हे समजण्यासाठी आपल्याला पिसूचा जीवनक्रम पाहावा लागेल. तो एकदा समजला की उपायांचा क्रम आपोआप कळतो.

पिसू ओळखावी कशी?

जगात पिसवांच्या सुमारे अडीच हजार जाती आहेत. आपल्या घरांत प्रामुख्याने आढळतात त्या मांजराच्या अंगावरील पिसू आणि उंदराच्या अंगावरील पिसू. 'मांजराची पिसू' हे नाव फसवे आहे. ती कुत्र्यावर तितक्याच आनंदाने राहते, आणि अडचणीत सापडली तर माणसालाही चावते.

प्रौढ पिसू दीड ते तीन मिलिमीटर लांबीची असते. तिला पंख नसतात. ढेकूण वरून खाली दाबल्यासारखा चपटा असतो, तर पिसू दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते. त्यामुळे ती प्राण्याच्या केसांमधून सहज सरकते. अंगावरचे राठ केस मागे वळलेले असल्याने ती खाजवून सहसा निघत नाही. सापडलेला कीटक पारदर्शक चिकटपट्टीवर चिकटवून बहिर्गोल भिंगाखाली पाहिला, तर ही ओळख वर्गातही पटवता येते. चाव्यांची जागाही बोलकी असते. पिसवांचे चावे बहुधा गुडघ्याखाली आणि घोट्यांभोवती असतात, तर ढेकूण झोपेत उघड्या राहिलेल्या अंगाला चावतो.

पिसूची उडी प्रसिद्ध आहे. ती सुमारे १८ ते २० सेंटिमीटर उंच उडते. एवढा जोर केवळ स्नायूंच्या आकुंचनातून मिळणे शक्य नसते. तिच्या छातीत रेझिलिन नावाच्या रबरासारख्या प्रथिनाची गादी असते. स्नायू ती गादी सावकाश दाबतात आणि साठलेली ऊर्जा सुमारे एक सहस्रांश सेकंदात मोकळी होते. गलोलीचे रबर ताणून सोडावे, तसाच हा प्रकार. बेनेट-क्लार्क आणि ल्यूसी या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये हे प्रथम मांडले.

दिसते ते थोडे, दडलेले फार

पिसूच्या आयुष्यात अंडे, अळी, कोश आणि प्रौढ अशा चार अवस्था असतात. रक्त पिते ती फक्त प्रौढ पिसू. मांजराच्या पिसूची मादी रक्त मिळू लागले की एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते आणि भरात असताना दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. आपण विद्यार्थ्यांना एक सोपे गणित घालू. एका मादीने रोज ४० अंडी धरून २० दिवस अंडी घातली, तर किती अंडी झाली? आठशे. अशा दहा माद्या एखाद्या मांजरीच्या अंगावर असतील तर आठ हजार.

ही अंडी अर्धा मिलिमीटर लांबीची, पांढरी आणि गुळगुळीत असतात. ती केसांना चिकटून राहत नाहीत, तर प्राणी जेथे बसतो, झोपतो तेथे मिठासारखी गळून पडतात. काही दिवसांत त्यांतून पाय नसलेल्या बारीक अळ्या बाहेर पडतात. या अळ्या चावत नाहीत. प्रौढ पिसवांच्या विष्ठेतील वाळलेले रक्त आणि धुळीतील सेंद्रिय कण हे त्यांचे अन्न. त्यांना उजेड सोसत नाही, म्हणून त्या फरशीच्या सांध्यांत, सतरंजीखाली, अडगळीत शिरतात. हवा कोरडी झाली, म्हणजे सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली, की त्या मरू लागतात. कोकणातील दमट हवा किंवा पावसाळा त्यांना मानवतो तो यामुळेच. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यातही उंदराच्या बिळात ओल टिकून असते, हे मात्र विसरू नये.

पूर्ण वाढ झाली की अळी स्वतःभोवती रेशमी कोश विणते. तो चिकट असतो. धूळ-माती चिकटून तो दिसेनासा होतो. सगळ्या गोष्टीची मेख या कोशात आहे. आत पिसू तयार झाली तरी ती लगेच बाहेर येईलच असे नाही. जवळपास एखादा प्राणी आल्याची खूण मिळेपर्यंत ती आत थांबून राहू शकते. कोशावर पडलेला दाब, उष्णता आणि श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड या त्या खुणा. परिस्थिती अनुकूल असेल तर ही वाट पाहणे काही महिने चालते.

आता बंद घराचे कोडे सुटते. महिनाभरात घरात कोणी नव्हते म्हणून पिसवा उपाशी मेल्या नाहीत; त्या कोशात थांबल्या. दार उघडून माणसे चालू लागली, तशा त्या एकदम बाहेर पडल्या. फवारणीनंतर काही दिवसांनी पुन्हा चावे का सुरू होतात, याचेही उत्तर येथेच आहे. कोशाच्या आत कीटकनाशक पोचत नाही. औषध खोटे निघाले असे नव्हे. पुढची तुकडी बाहेर आली, इतकेच.

प्राणी नसलेल्या घराची अडचण

पाळीव प्राणी असलेल्या घरात उपाय एका अर्थाने सोपा असतो. पशुवैद्याच्या सल्ल्याने त्या प्राण्यावर औषध केले, की कोशातून निघालेल्या पिसवा त्याच्याच अंगावर उडी घेतात आणि मरतात. प्राणी हाच जिवंत सापळा बनतो. प्राणी नसलेल्या घरात पिसवांना माणसाखेरीज दुसरे कोणी सापडत नाही आणि त्यांचा मूळ स्रोतही डोळ्यांसमोर नसतो.

पण यातच एक दिलासाही आहे. मांजराची किंवा उंदराची पिसू माणसाला चावली तरी केवळ माणसांच्या रक्तावर तिचा वंश सहसा टिकत नाही. म्हणून पिसवा घरात टिकून आहेत याचा अर्थ जवळपास दुसरा कोणी प्राणी आहे किंवा नुकताच होऊन गेला आहे. माळ्यावर व्यालेली भटकी मांजर, जिन्याखाली झोपणारे कुत्रे, आधीच्या भाडेकरूचे पाळीव जनावर, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उंदीर आणि घुशी. हा स्रोत सापडेपर्यंत फवारणी म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे होय.

उंदीर आधी मारू नयेत

स्रोत उंदीर आहे असे कळताच सापळा किंवा विष लावण्याची घाई होते. येथे क्रम फार महत्त्वाचा आहे. उंदीर मेला आणि त्याचे शरीर थंड पडू लागले की त्याच्यावरील पिसवा त्याला सोडून दुसऱ्या उबदार शरीराच्या शोधात निघतात. ते शरीर बहुधा माणसाचे असते. म्हणून आधी बिळांत आणि उंदरांच्या वाटांवर कीटकनाशकाची भुकटी टाकून पिसवा मारायच्या आणि मग उंदीर, हा सार्वजनिक आरोग्यातील नियम आहे.

या नियमामागे आपल्याच भूमीवरचा कटू अनुभव आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत एक प्रयोग केला. प्लेग झालेला, पिसवा असलेला उंदीर आणि निरोगी उंदीर यांना परस्परांचा स्पर्श होणार नाही असे एकाच बरणीत ठेवले. तरीही निरोगी उंदराला प्लेग झाला. आजारी उंदरावर पिसवा नसत, तेव्हा असे घडत नसे. या निष्कर्षावर अनेकांनी विश्वास ठेवला नाही. पुढे १९०५ पासून प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी मुंबईत मोठ्या प्रमाणावर प्रयोग केले. प्लेगची लागण झालेल्या घरांत त्यांनी गिनीपिग सोडले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झाल्या आणि काहींना प्लेग झाला. पिसवा पोचणार नाहीत अशा बारीक जाळीत ठेवलेले गिनीपिग मात्र वाचले.

हा इतिहास फार जुना म्हणून बाजूला ठेवता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यातील अनेक लोक घराबाहेर राहिले. बंद घरांत साठवलेल्या धान्यावर उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावातून उंदीर मरून पडल्याच्या आणि पिसवांच्या उपद्रवाच्या तक्रारी आल्या आणि पाठोपाठ संशयित प्लेगचे रुग्ण दिसू लागले. प्रत्येक पिसू प्लेग पसरवते असे मुळीच नाही. घरात पिसवा झाल्या म्हणून घाबरून जाऊ नये. पण परिसरात उंदीर आपोआप मरून पडत असतील आणि त्याच वेळी पिसवा वाढल्या असतील, तर मेलेल्या उंदरांना हात न लावता आरोग्य केंद्राला ताबडतोब कळवावे.

उपायांचा क्रम

१. पांढरे, लांब मोजे घालून प्रत्येक खोलीत पाच मिनिटे चालावे. पांढऱ्यावर गडद पिसवा चटकन दिसतात. कोणत्या खोलीत जास्त आहेत हे कळले की स्रोताची दिशा समजते.

२. स्रोत शोधावा. माळा, जिन्याखालची जागा, गच्ची, मोरीची जाळी, भिंतीतील भोके पाहावीत. उंदीर असतील तर वर सांगितलेला क्रम पाळावा. काम संपल्यावर भोके सिमेंटने बुजवावीत, जाळ्या बसवाव्यात.

३. रोज कोपरे, फरशीचे सांधे, पलंगाखालची जागा झाडून घ्यावी. व्हॅक्यूम क्लीनर असल्यास उत्तम. त्याने अंडी आणि अळ्यांचे अन्न निघून जाते, शिवाय हादऱ्याने कोशातील पिसवाही बाहेर पडतात. कचरा पिशवीत बांधून लगेच घराबाहेर टाकावा.

४. चादरी, अभ्रे, पायपुसणी गरम पाण्यात धुवावीत. गाद्या-सतरंज्या कडक उन्हात टाकाव्यात. उष्णता आणि कोरडेपणा अळ्यांना मारतो.

५. रात्री जमिनीवर पसरट ताटात साबणाचे पाणी ठेवून त्यावर दिवा लावावा. उजेड आणि उष्णतेकडे ओढलेल्या पिसवा पाण्यात पडतात. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी झालेला असल्याने त्या बुडतात. या सापळ्याने उपद्रव संपत नाही. पण तो किती उरला आहे ते कळते.

६. कीटकनाशक लागलेच तर घरगुती वापरासाठी मान्यता असलेलेच घ्यावे आणि वेष्टनावरील सूचना पाळाव्यात. पायरिप्रॉक्सिफेनसारखी वाढरोधक द्रव्ये अळीला प्रौढ होऊ देत नाहीत, म्हणून ती मिसळलेले औषध अधिक उपयोगी पडते. शेतीसाठीचे कीटकनाशक घरात कधीही वापरू नये. फरशीवर रॉकेल ओतणे हा तर आगीला आमंत्रण देणारा प्रकार आहे.

७. यानंतर घर बंद करून निघून जाऊ नये. घरात नेहमीसारखे वावरावे, रोज झाडावे. जितके कोश लवकर फुटतील तितका उपद्रव लवकर संपेल. तीन-चार आठवडे, क्वचित अधिक काळ, अधूनमधून पिसवा दिसतील हे गृहीत धरावे.

विद्यार्थ्यांना रोज सकाळी ताटातील पिसवा मोजून आलेख काढायला सांगता येईल. रेघ सरळ उतरणार नाही; कोश फुटतील तशी ती मध्येच वर चढेल. पण स्रोत खरोखर बंद झाला असेल, तर प्रत्येक चढ आधीच्यापेक्षा ठेंगणा असेल. तसे होत नसेल, तर औषध बदलण्याआधी पुन्हा माळ्यावर चढून पाहावे.