झाकली मूठ सव्वा लाखाची!

सरकारी दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीपाशी थोडा वेळ उभं राहून बघा. पूर्वी तिथं नाव, गाव, वय एवढंच विचारत. आता आतून आणखी एक प्रश्न येतो, 'मोबाईल नंबर सांगा. त्यावर मेसेज आला असेल, त्यातले आकडे वाचा.' आणि खिडकीसमोरची बाई मागं वळून बघते. मोबाईल ह्यांच्यापाशी असतो ना! मग हे येतात, डोळे बारीक करून सहा आकडे वाचून दाखवतात आणि बाईच्या आरोग्याचं खातं उघडलं जातं. खातं बाईचं, किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात.

'त्यात काय एवढं? घरचंच तर माणूस आहे,' असं तुम्ही म्हणाल. अगदी खरं. पण मैत्रिणींनो, बँकेच्या खात्यात पैसे असतात, या खात्यात आपलं शरीर असतं. पैसा गेला तर परत मिळवता येतो. आजाराची गोष्ट एकदा चार तोंडी झाली की ती परत घेता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्या आज्यांनी उगाच सांगितली नाही.

हे खातं आहे तरी काय?

बचत गटाच्या बैठकीत हा विषय काढला, की पहिला गोंधळ कार्डांचाच होतो. आयुष्मान कार्ड वेगळं आणि आभा कार्ड वेगळं. आयुष्मान कार्ड उपचाराच्या खर्चासाठी आहे. आभा म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट. हा चौदा आकडी नंबर आहे आणि तो पैशांसाठी नाही, तर कागदांसाठी आहे. रक्ताचा रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी, सुट्टी देताना मिळालेला कागद, हे सगळं या नंबराला जोडता येतं. २०२० च्या १५ ऑगस्टला याची घोषणा झाली, सहा केंद्रशासित प्रदेशांत सुरुवात झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ही योजना देशभर आली.

कल्पना वाईट नाही. सोनपेठ-पालमची बाई परभणीला दाखवते, तिथून नांदेडला पाठवतात, तिथून संभाजीनगरला. दर वेळी कापडी पिशवीतले ओले-सुके कागद काढायचे, त्यातला नेमका हवा तोच सापडत नाही आणि पुन्हा तपासण्यांना पैसे मोजायचे. हे थांबणार असेल तर कुणाला नको आहे?

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे खातं काढणं ऐच्छिक आहे. 'आभा नाही म्हणून तपासणार नाही' असं कुणी म्हणू शकत नाही. आणि रिपोर्ट दिल्लीतल्या कुठल्या एका मोठ्या कपाटात जात नाहीत. ते ज्या त्या दवाखान्याकडे किंवा लॅबकडेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना बघायचे असतील तर तुमच्याकडे परवानगी मागितली जाते. किती दिवसांसाठी द्यायची ते ठरवता येतं, दिलेली परवानगी काढूनही घेता येते.

म्हणजे सगळा खेळ तुमच्या 'हो' वर आहे. आणि हा 'हो' म्हणजे फोनवरचं एक बटण. ते कोण दाबतं, तिथं खरी मेख आहे.

कडी होती, कुलूप नव्हतं

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण परभणीकर कॉलर ताठ करून सांगतो. पण या बाबतीत जर्मनीने आपल्याला आरसा दाखवला. ग्रीनबोन नावाच्या एका जर्मन कंपनीने जगभरातल्या दवाखान्यांच्या एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआयच्या साठ्यांची पाहणी केली. २०२० च्या फेब्रुवारीत तिचे निष्कर्ष आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आले. भारतातल्या लाखो रुग्णांच्या प्रतिमा इंटरनेटवर उघड्या पडल्या होत्या. कुणी चोरी केली म्हणून नव्हे, तर पासवर्डच लावलेला नव्हता म्हणून! प्रतिमेसोबत रुग्णाचं नाव, जन्मतारीख, डॉक्टरांचं नाव. आणि या यादीत पहिल्या क्रमांकावर कोणतं राज्य होतं? आपला महाराष्ट्र. ३ लाखांहून अधिक नोंदी आणि जवळजवळ ७ कोटी प्रतिमा एकट्या आपल्या राज्यातल्या.

त्याआधी २०१६ च्या डिसेंबरात मुंबईतल्या एका लॅबचे हजारो रिपोर्ट असेच इंटरनेटवर कुणालाही दिसतील अशा जागी सापडले होते. त्यात एचआयव्हीच्या तपासणीचेही होते. कल्पना करा, त्यात आपल्या गल्लीतलं एखादं नाव असतं तर?

मोठ्यांचीही हीच गत. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयाला कितीतरी दिवस हाताने केस पेपर लिहावे लागले. अमेरिकेतली गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तिथं दवाखान्यांची बिलं आणि विम्याचे दावे हाताळणाऱ्या चेंज हेल्थकेअर या कंपनीत फेब्रुवारी २०२४ मध्ये चोर घुसले. कसे? एका कर्मचाऱ्याचा चोरलेला पासवर्ड वापरून. त्या एका दाराला दुसरी पडताळणी लावलेली नव्हती, हे तिच्या मालक कंपनीच्या प्रमुखाला तिथल्या संसदेपुढे कबूल करावं लागलं. सुमारे १९ कोटी लोकांची माहिती त्यात सापडली. एवढी श्रीमंत कंपनी, आणि एक कुलूप कमी पडलं.

दुसरं कुलूप म्हणजे काय?

यात अवघड काही नाही. आपल्या घरातच बघा. बाहेरच्या दाराला कुलूप असतं आणि आत कपाटाला वेगळी चावी. चोराला एक चावी मिळाली म्हणून तो दागिन्यांपर्यंत पोचत नाही. इंटरनेटवरच्या खात्याचंही तसंच. एक गोष्ट तुम्हाला माहीत असलेली, म्हणजे पासवर्ड किंवा पिन. दुसरी तुमच्यापाशी असलेली, म्हणजे तुमचा फोन आणि त्यावर येणारा ओटीपी. दोन्ही जुळल्या तरच दार उघडायचं. इंटरनेटवर कार्डाने खरेदी करताना ही जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच सक्तीची केली. तेव्हा 'काय ही कटकट' म्हणणारे आज तिच्याशिवाय पैसे द्यायला घाबरतात.

आता नीट लक्ष द्या. नुसता ओटीपी म्हणजे दोन कुलपं नव्हेत, ते एकच कुलूप आहे. अनेक आरोग्य ॲपवर नंबर टाकला, ओटीपी आला, की थेट आत. म्हणजे ज्याच्या हातात फोन, त्याच्या हातात सगळं. याउलट डिजिलॉकर उघडायला ओटीपीबरोबर सहा आकडी सुरक्षा पिनही लागतो. फोन हरवला, तरी पिन तुमच्या डोक्यात राहतो. याला म्हणायचं दोन कुलपं.

फोन कुणाचा?

हे सगळं ज्यांनी आखलं त्यांनी एक गृहीत धरलं, की प्रत्येकाचा आपला फोन असतो. पण २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे, स्वतः वापरता येईल असा मोबाईल देशातल्या साधारण ५४ टक्के बायकांपाशीच होता. बाकीच्यांचा फोन म्हणजे घरचा फोन. तो कधी नवऱ्याच्या खिशात, कधी मुलाच्या हातात, तर कधी जावेच्या खोलीत चार्जिंगला.

कुणाच्या नवऱ्यावर मी संशय घेत नाही. तीस वर्षं संसार केलेली माझी एक शेजारीण म्हणते, 'आमच्यात काय लपवायचं?' तिच्यापुरतं ते बरोबरच आहे. पण सगळ्याच जणींचं तसं नसतं. लग्न होऊन वर्ष झालेल्या मुलीची पाळी चुकली, तर ते आधी तिला कळावं की फोन हातात असलेल्या दिराला? झोप येत नाही, जीव घाबरा होतो म्हणून कुणी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली, तर त्याचा मेसेज सासरी वाचला जाऊन 'येडी झालीय' असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. क्षयाचं औषध सुरू झालेल्या सुनेचं ताट वेगळं काढलेलं मी पाहिलंय. औषध चुकवणाऱ्या बायका औषधाला घाबरत नाहीत, बोभाट्याला घाबरतात.

कायद्याला ही गोष्ट कळलेली आहे. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात काही अपवाद सोडले तर रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला मनाई आहे आणि नोंदी सुरक्षित ठेवायचं बंधनही आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन बाईचं नाव फोडणाऱ्याला शिक्षेची तरतूद झाली. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. डॉक्टरांच्या, नर्सच्या, लॅबवाल्यांच्या तोंडाला कायद्याने असं कुलूप घातलं. पण चुलीपाशी ठेवलेल्या फोनवर 'टिंग' करून येणाऱ्या मेसेजला कोण कुलूप घालणार? ते आपल्यालाच घालायला हवं.

आपल्या भागात त्यात आणखी एक भर. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात ती उन्हाळ्यातच परततात. गंगाखेड, पालम, सोनपेठ भागात हे दर वर्षीचं. रिचार्ज परवडत नाही म्हणून नंबर बंद पडतो, मग नवं सिम घेतलं जातं. आता गंमत बघा. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस रिकामा ठेवून कंपनी तो दुसऱ्या गिऱ्हाईकाला देऊ शकते. तुमचं आरोग्य खातं जुन्याच नंबरावर असेल, तर ओटीपी कुणा अनोळखी माणसाला जाणार, आणि तुम्ही मात्र स्वतःच्याच खात्याबाहेर!

मग करायचं तरी काय?

शक्य असेल तर सिम स्वतःच्या नावावर घ्या. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत हे 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर बघता येतं. नंबर बदलला, की आधार केंद्रात जाऊन तो आधी आधारला जोडा आणि आभातही बदलून घ्या. लक्षात असू द्या, आभासाठी दिलेला नंबर आणि आधारचा नंबर एकच असला पाहिजे असं नाही.

फोनला पिन लावा. एक-दोन-तीन-चार नको, लग्नाचं वर्षही नको, कारण ते साऱ्या भावकीला माहीत असतं. आणि पिन कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवू नका. फोन बंद असताना पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणार नाही अशी सोय सेटिंगमध्ये असते. ती सुरू करा. फोन घरात सामाईक असेल, तर निदान रिपोर्टच्या ॲपला वेगळं कुलूप लावा.

आपल्याकडे खरे रिपोर्ट येतात ते व्हॉट्सॲपवर. म्हणून त्यात सेटिंग, मग अकाउंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन इथं जाऊन सहा आकडी पिन ठेवा. उद्या कुणी गोड बोलून तुमच्याकडून मेसेजमधला कोड काढून घेतला, तरी या पिनशिवाय त्याला तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्या फोनवर सुरू करता येणार नाही. ईमेललाही हीच दुहेरी पडताळणी लावा. गावातल्या सेवा केंद्रावर खातं काढलं असेल, तर उठण्याआधी तिथल्या कॉम्प्युटरवरून आपलं खातं बंद झालंय का, एवढं विचारा.

एक प्रश्न मला हमखास विचारला जातो, 'ताई, ओटीपी कुणाला सांगू नका म्हणता आणि खिडकीवर तर तोच मागतात!' फरक ओळखायचा तो असा. तुम्ही स्वतः खिडकीवर गेलात, काम तुम्ही सांगितलं आणि मेसेजमध्येही त्याच कामाचं नाव आहे, तर ठीक. पण घरी बसल्या फोन आला, 'दवाखान्यातून बोलतोय, तुमचं कार्ड बंद होणार आहे, आलेला नंबर सांगा,' तर फोन ठेवून द्यायचा. कुणी अपॉइंटमेंटसाठी लिंक किंवा ॲपची फाईल पाठवली, तर ती उघडायची नाही. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. जिथं दवाखान्याचा क्यूआर कोड लावलेला असेल, तिथं तो स्वतःच्या फोनवरून स्कॅन करा, म्हणजे आकडे मोठ्याने वाचून दाखवायची वेळच येत नाही.

'पण रात्री-बेरात्री काही झालं तर घरच्यांना कळणार कसं?' हाही प्रश्न रास्त आहे. कुलूप लावायचं म्हणजे घरच्यांना परकं करायचं असं नव्हे. रक्तगट, चालू असलेली औषधं, सोसत नसलेलं औषध, हे एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. आणि एका विश्वासाच्या माणसाला, मग ती लेक असो, बहीण असो नाहीतर नवराच असो, पिन सांगून ठेवा. मात्र ते माणूस तुम्ही निवडलेलं असावं. फोन ज्याच्या खिशात म्हणून आपोआप तो, असं नको. म्हाताऱ्या आई-वडिलांचं खातं तुम्ही सांभाळत असाल, तर त्यांनाही विचारा, कोणतं दाखवायचं आणि कोणतं नाही. वय झालं म्हणून लाज संपत नाही.

आशाताईंना माझं एक सांगणं आहे. घरोघरी जाऊन आभा काढून देताना नंबर कुणाचा टाकायचा, हे त्या बाईला बाजूला घेऊन विचारा. दोन मिनिटं जास्त लागतील. आणि बचत गटांनो, पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला, की अर्धा तास यासाठी ठेवा. गटातल्या एखादीची कॉलेजला जाणारी मुलगी बोलवा आणि प्रत्येकीने आपापल्या हाताने आपापला पिन घालायचा. शेजारणीने त्या वेळी दुसरीकडे बघायचं, एवढा एकच नियम!