कोर्लईत उरलेली प्रार्थना

सह्याद्रीतून उतरलेली कुंडलिका कोलाड आणि रोहा मागे टाकत पश्चिमेला जाते आणि रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. मुखाच्या उत्तरेला रेवदंडा, दक्षिणेला कोर्लईचा डोंगर. समुद्रात घुसलेल्या त्या सोंडेवर पोर्तुगीजांचा किल्ला आहे आणि पायथ्याशी गाव. या गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली आजही घराघरांत बोलली जाते. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. भाषाशास्त्रज्ञांना ती चांगली ठाऊक आहे; जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. मला मात्र या बोलीपेक्षाही तिला ज्यांनी सांभाळलं त्यांच्या श्रद्धेचं जास्त नवल वाटतं, कारण ती ज्या काळात तगली तो काळ मुळीच सोपा नव्हता.

१५२०च्या दशकात पोर्तुगीजांनी रेवदंड्याजवळच्या चौलला ठाणं बसवलं. सैनिक आले, व्यापारी आले, पाद्री आले. इथल्या बायकांशी संसार थाटले गेले, इथल्या गरीब लोकांनी बाप्तिस्मा घेतला. दोनशे वर्षं हे असं चाललं. मग १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी, १७४०च्या तहात चौल आणि कोर्लई पोर्तुगीजांच्या हातून गेलं. ज्यांना गोव्याला जाणं परवडणारं होतं ते गेले. ज्यांच्याकडे गलबत नव्हतं, पैसा नव्हता, वशिला नव्हता, ते मागे राहिले.

त्यांची अवस्था डोळ्यांसमोर आणून पाहा. ज्यांच्या धर्मात आलो ते निघून गेलेले, आणि ज्या जातीतून आलो तिथं परतायला वाट नाही. सोयरीक करायची तर आपसातच. खाडीवर पूल झाला तो १९८६ साली. तोवर पलीकडे जायचं म्हणजे तरीतून. या एकटेपणानंच त्यांची बोली वाचवली, असं अभ्यासक सांगतात. बोली वाचली ती धर्म न सोडल्यामुळे, हेही त्यातच आलं. धर्म सोडला असता तर वेगळं राहायचं कारणच उरलं नसतं.

पण धर्म धरून ठेवणं म्हणजे रोजच्या रोज नेमकं काय करणं? इथं रोझरी, म्हणजे पवित्र जपमाळ, नीट पाहायला हवी. पारंपरिक माळेत ५९ मणी असतात आणि टोकाला क्रूस. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एक मणी धरायचा, 'नमो मरिया' म्हणायचं, मणी पुढे सरकवायचा. दहा झाले की प्रभूची प्रार्थना, मग पुन्हा दहा. असे पाच दशक. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करायला धर्मगुरू लागतो. रोझरीला तो लागत नाही, पुस्तक लागत नाही, डोक्यावर चर्चचं छप्पर लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. आजी म्हणते, नातवंडं अर्धं अर्धं म्हणून पुरं करतात, आणि काही वर्षांनी तीच नातवंडं पुढे होऊन म्हणू लागतात. अशा वाटेनं प्रार्थना किल्ल्याच्या तटापेक्षा जास्त टिकू शकते. पलीकडे रेवदंड्यात फ्रान्सिस्कन मठाचा सातखणी मनोरा ढासळलेल्या अवस्थेत उभा आहे. तो बांधणाऱ्यांची सत्ता केव्हाच गेली, आणि इकडच्या काठावर माळ मात्र फिरत राहिली.

रोझरी म्हणताना मनासमोर एकेक प्रसंग आणायचा असतो. त्यांना 'रहस्ये' म्हणतात. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची रहस्ये असतात: गेथशेमानी बागेतली येशूची तगमग, चाबकाचे फटके, काट्यांचा मुकुट, खांद्यावरचा क्रूस आणि क्रूसावरचं मरण. बागेत तो घाबरलेला आहे, जिवलग मित्रांना जागं राहायला सांगतो आणि ते झोपी जातात. क्रूसावर त्याच्या तोंडी येतो तो बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ, आणि ते स्तोत्र सुरूच होतं देवानं टाकून दिल्याच्या तक्रारीनं. ख्रिस्ती श्रद्धेतली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच. देवाला हाक मारणाऱ्या टाकलेल्या माणसाला इथं असं सांगितलं जात नाही की तुझी हाक चुकीची आहे. देव स्वतः मनुष्य होऊन तीच हाक मारून गेला आहे, असं सांगितलं जातं. मागे राहिलेल्या लोकांना ही कथा किती जवळची वाटली असेल!

आणि जवळीक म्हणजे दर वेळी मनाला गारवा वाटणं, असंही नाही. मदर तेरेसांची खाजगी पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जग चकित झालं. कोलकात्यातल्या कामाला आरंभ केल्यापासून पुढची कित्येक दशकं त्यांना आतून फक्त अंधार जाणवत होता. तरी त्यांनी प्रार्थना सोडली नाही, रस्त्यावरचा माणूस सोडला नाही. देव जाणवत नसतानाही त्याच्याशी बोलत राहणं हीच त्यांच्या आयुष्यातली जवळीक होती, असं मी मानतो.

पाठ असलेली प्रार्थना अशी धरून ठेवण्याला कोर्लईच्याच परिसरात एक शेजारी दाखलाही आहे. पेणकर, रोहेकर ही आडनावं असलेले बेने इस्राएल ज्यू लोक शतकानुशतकं आपल्या धर्मबांधवांपासून तुटून इथं तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू जवळजवळ सगळी विसरली, पण 'शेमा' ही एक प्रार्थना त्यांच्या तोंडी राहिली आणि जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी तीच म्हटली गेली. तो धर्म वेगळा. पण सगळं हातचं जाताना पाठ असलेले चार शब्द काय करू शकतात, हे या भागातल्या मातीला दोनदा ठाऊक झालं आहे.

कोर्लईचं चर्च कार्मेल मातेचं, म्हणजे मरियेचं. चर्चच्या पंचांगात तिचा सण १६ जुलैला येतो. कोकणातला हा काळ ओढगस्तीचा: मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंत, होड्या वर ओढलेल्या, शेतात लावणीची घाई, कणगीत मागच्या वर्षीचं भात तळाला गेलेलं. पिकाची शाश्वती नसलेल्या दिवसांत हा सण येतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, १९६२ ते १९६५ दरम्यान, लोकभाषेतल्या उपासनेला मोकळीक दिली. कोर्लईच्या चर्चमध्ये लॅटिन आणि पोर्तुगीजची जागा मराठीनं घेतली. ज्यांना जुन्या प्रार्थना पाठ होत्या त्यांनी नव्या पाठ केल्या. पण मराठी तिथं परकी नव्हती. पोर्तुगीजमध्ये क्रियापद वाक्याच्या मध्ये येतं. कोर्लईच्या बोलीत ते शेवटाकडे सरकलं, आपल्या मराठीसारखं. शब्द लिस्बनकडचे आणि वाक्याची ठेवण कोकणातली, अशा भाषेत ही माणसं कित्येक पिढ्या संसार करत आली होती. आज घरात नो लिंग चालते आणि मिस्सा मराठीत होते.