रेड वाइन आणि मांसाहार: एक चिवट गैरसमज

इटलीला निघालेली मराठी मंडळी एक वाक्य हमखास ऐकवतात: ‘आम्ही शाकाहारी, म्हणजे आमच्यासाठी व्हाइट वाइनच.’ मासे खाणारेही तेच म्हणतात. रेड मटणासोबत, व्हाइट माशांसोबत, ही जणू काळ्या दगडावरची रेघ! या एका समजुतीपायी लोक पिएमोन्तेसारख्या प्रांतात जातात आणि तिथल्या छोट्या वायनरीतली उत्तम रेड वाइन न चाखताच परततात. याची मला खरोखर चीड येते.

वाइनचा लाल रंग द्राक्षाच्या सालीतून येतो आणि ताटातल्या पदार्थाशी त्याचं काही देणंघेणं नसतं. जेवणाशी जुळतात किंवा भांडतात ते टॅनिन, आंबटपणा आणि अल्कोहोल. टॅनिन हा साल आणि बियांमधला तुरट अंश. सुपारी चावल्यावर तोंड आवळतं, तसाच त्याचा परिणाम होतो, कारण तो लाळेतल्या प्रथिनांना चिकटतो. मांसातली प्रथिनं आणि चरबी हा तुरटपणा झेलतात. म्हणून नेब्बियोलो द्राक्षाच्या तुरट बारोलो वाइनसोबत पिएमोन्तेत सावकाश शिजवलेलं गोमांस खातात. त्या नियमात तथ्य आहे ते इतकंच.

पण हेच काम लोणी, अंडी आणि मुरलेलं चीजही करतं. पिएमोन्तेत ताजारिन नावाच्या, अंड्याच्या बलकात मळलेल्या बारीक शेवया लोण्यात घोळवतात, हंगामात त्यावर आल्बाचं पांढरं ट्रफल किसतात आणि सोबत नेब्बियोलोच पितात. ताटात मांसाचा तुकडाही नसतो.

पिएमोन्तेच्याच टेकड्यांवरचं बार्बेरा हे द्राक्ष तर स्वभावाने अगदी वेगळं आहे: टॅनिन कमी, आंबटपणा भरपूर. ‘बार्बेरा दास्ती’ असं लेबल लावायचं तर वाइनमध्ये किमान ९० टक्के बार्बेरा असावं लागतं. टोमॅटोच्या सॉससमोर मवाळ वाइन फिकी पडते, बार्बेरा मात्र टिकते. मशरूमचा रिसोत्तो आणि चीज घातलेली पोलेंता यांच्याशीही तिचं छान जमतं.

आता माशांकडे येऊ. पिएमोन्तेचा प्रसिद्ध पदार्थ बान्या काउदा म्हणजे लसूण, ऑलिव्ह तेल आणि खारवलेले अँचोव्ही मासे यांचं गरम मिश्रण. त्यात भाज्या बुडवून खातात आणि सोबत बार्बेरा पितात. तोस्कानातल्या लिव्होर्नो बंदरात काच्चुक्को नावाचा माशांचा रस्सा रेड वाइन घालूनच शिजवतात. मासे आणि रेड वाइन चालत नाही, हे या लोकांना कोण सांगणार?

तरीही काही रेड वाइनसोबत मासे उग्र लागतात, हे खरं आहे. त्याचं कारण २००९ मध्ये ‘जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल अँड फूड केमिस्ट्री’त प्रसिद्ध झालं. जपानच्या मर्शियन कंपनीतल्या संशोधकांनी अनेक रेड आणि व्हाइट वाइन सुकवलेल्या शिंपल्यांसोबत तपासल्या. ज्या वाइनमध्ये लोह जास्त, तिच्यासोबत माशाचा वास अधिक रेंगाळला. लोहाचा प्रभाव रोखताच तो वास कमी झाला. म्हणजे दोष लोहाचा, रंगाचा नव्हे.

शाकाहारी माणसाने विचारायचा खरा प्रश्न वेगळाच आहे. वाइन नितळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन किंवा माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरला जाऊ शकतो, आणि हे रेड व व्हाइट दोन्हींत घडतं. अंड्याचा किंवा दुधाचा अंश उरला असेल तर युरोपीय संघात तसं लेबलवर लिहावं लागतं. जिलेटिनला ही सक्ती नाही. म्हणून वायनरीत थेट विचारावं. छोट्या ठिकाणी वाइन करणारा माणूसच अनेकदा समोर असतो.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘जितकी जुनी तितकी चांगली.’ बारोलो बाजारात येण्याआधी किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडात. शेजारची दोल्चेत्तो मात्र बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच प्यावी.

‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी.’ खोली म्हणजे नागपूरची मे महिन्यातली नव्हे. १६ ते १८ अंश पुरेत. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

‘झणझणीत जेवणाला दमदार रेडच हवी.’ अल्कोहोलने तिखट अधिक झोंबतं. एमिलियाची फेसाळ, हलकी लाम्ब्रुस्को गार करून घ्या.

‘सल्फाइटमुळे रेडने डोकं दुखतं.’ युरोपीय संघात कोरड्या रेडसाठी मर्यादा लिटरमागे १५० मिलिग्रॅम आहे आणि कोरड्या व्हाइटसाठी २००. दोष सल्फाइटचा असता तर व्हाइटने जास्त दुखलं असतं.

‘रोज एक ग्लास हृदयाला चांगला.’ मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. वाइन प्यायची असेल तर जेवणाच्या चवीसाठी, थोडी प्यावी. औषध म्हणून कधीच पिऊ नये.